स्प्रिंगची तार कशी निवडावी?

डॉक्टरांच्या संस्थेच्या स्मरणिकेत एका स्प्रिंग बनविणाऱ्याने काय लिहावे, हा प्रश्न संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा मला पडला. बेळगावच्या उद्यमबागेत तारा वळविण्यात माझी उमेद गेली. संस्थेतील अनेक सभासदांशी माझा परिचय रुग्ण या नात्याने झाला. काहींशी मात्र तो उलट्या नात्याने आहे. त्यांच्या दवाखान्यातील एखादे उपकरण आजारी पडले, की ते माझ्याकडे येतात. अशाच एका आजारात माझ्या हातून चूक घडली होती. ती चूक सांगितल्याशिवाय या विषयाचे महत्त्व पटणार नाही, म्हणून प्रथम तीच सांगतो.

१९९४ च्या पावसाळ्यात एका स्नेही शल्यविशारदांनी आपल्या नर्सिंग होममधील उभ्या ऑटोक्लेव्हची झडप पाठविली. आतली स्प्रिंग मोडली होती. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होत्या, त्यामुळे घाई होती. मी जुन्या स्प्रिंगची तार मोजली, वेढे मोजले, बाहेरचा व्यास मोजला आणि तंतोतंत तशीच स्प्रिंग करून दिली. फरक एवढाच, की मूळची तार स्टेनलेसची होती आणि त्या मापाची स्टेनलेस तार त्या दिवशी माझ्याकडे नव्हती. म्हणून मी पियानो वायर वापरली. ती स्टेनलेसपेक्षा अधिक बळकट असते हे मला ठाऊक होते. अधिक बळकट वस्तू दिली म्हणजे मित्राचे अधिकच भले केले, अशी माझी समजूत होती. स्क्रू फिरवून झडप १५ पौंडांवर लावून दिली आणि पैसेही घेतले नाहीत.

पाच-सहा आठवड्यांनी तेथील वडीलधाऱ्या सिस्टरांचा निरोप आला. "काका, काटा बारा पौंडांच्या वर चढतच नाही, आधीच वाफ सुटते." स्नेही फोनवर एवढेच म्हणाले, "अरे, तुझ्या स्प्रिंगला ताप सोसत नाही." निदान अचूक होते. झडप उघडली तेव्हा स्प्रिंग तांबूस गंजलेली होती आणि करून दिली त्यापेक्षा आखूड झाली होती.

बारा आणि पंधरा पौंडांतला फरक डॉक्टर वाचकांना सांगावयास नको. १५ पौंडांच्या संपृक्त वाफेचे तापमान १२१ अंश सेल्सिअस असते, १२ पौंडांचे सुमारे ११८ अंश. तीनच अंशांचा फरक; परंतु जिवाणूंची बीजे मरण्याचा वेग दर दहा अंशांना दसपट बदलतो या नेहमीच्या हिशेबाने तीन अंशांत तो निम्म्यावर येतो. म्हणजे जे काम पंधरा मिनिटांत व्हावयाचे त्याला तीस मिनिटे हवीत. सिस्टर घड्याळ लावून पूर्वीइतकाच वेळ देत होत्या. (समुद्रसपाटीपासून आपले गाव सुमारे साडेसातशे मीटर उंच असल्यामुळे काट्यावर १५ पौंड दिसले तरी येथे तापमान एखादा अंश कमीच भरते, ते वेगळेच.) त्या महिन्यात टाक्यांच्या दोन जखमा चिघळल्या. त्यांचा माझ्या स्प्रिंगशी संबंध होता की नव्हता, हे कोणालाही ठरविता आले नाही. स्नेह्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मी मात्र त्या दिवसापासून तापमान विचारल्याशिवाय कोणाचीही स्प्रिंग हातात घेतलेली नाही.

आता मुळाकडे जाऊ. स्प्रिंगकडून आपण दोन निरनिराळ्या गोष्टींची अपेक्षा करतो आणि बोलताना त्यांची गल्लत करतो. एक म्हणजे ताठरपणा, अर्थात ठराविक अंतर दाबण्यास किती जोर लागतो ते. दुसरी म्हणजे बळ, अर्थात कितीपर्यंत दाबली तरी ती सोडल्यावर पूर्ववत होते, वाकून बसत नाही वा मोडत नाही ते. ताण आणि जोर यांचे प्रमाण सांगणारा नियम रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये अक्षरांच्या कोड्यात लपवून ठेवला आणि १६७८ मध्ये उलगडून प्रसिद्ध केला. बुचाच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली कप्पे पाहून त्यांना 'सेल' हे नाव देणारा हूक तो हाच. वैद्यकशास्त्र आणि आमचा धंदा यांचा पूर्वज असा एकच निघतो, याची मला नेहमी गंमत वाटते.

वेढ्यांची स्प्रिंग दाबली म्हणजे तिची तार दुमडते असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तार पिळली जाते. ओला टॉवेल पिळावा तशी, पण अगदी थोडीशी. म्हणून स्प्रिंगचा ताठरपणा पोलादाच्या पिळास होणाऱ्या विरोधावर अवलंबून असतो. तो विरोध स्वस्तातल्या तारेत आणि महागातल्या तारेत जवळजवळ सारखाच असतो. साध्या कार्बन पोलादात तो सुमारे ७९ गिगापास्कल, क्रोम-व्हॅनेडियम वा क्रोम-सिलिकॉन पोलादात फारसा निराळा नाही. स्टेनलेसमध्ये तेवढा तो सुमारे ६९ पर्यंत उतरतो. "स्प्रिंग नरम पडते, जरा कडक पोलादाची करा," असे सांगणारे ग्राहक रोज येतात. पोलाद बदलून स्प्रिंग कडक होत नाही. ती कडक होते तारेची जाडी वाढवून, वेढ्याचा व्यास घटवून किंवा वेढ्यांची संख्या कमी करून.

त्यातही जाडीचा प्रभाव विलक्षण. ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. पॉइझेल या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवाचा जो नियम मांडला, त्यातही त्रिज्येचा चौथा घातच येतो. शॉकमधील रुग्णाला जाड कॅन्युला का लावावी, हे ज्यांना माहीत आहे त्यांना स्प्रिंगचे निम्मे शास्त्र आधीच येते. एक मिलिमीटरऐवजी १.१ मिलिमीटर तार घेतली, की ताठरपणा ४६ टक्क्यांनी वाढतो. हाच नियम उलटाही फिरतो. माझ्या त्या स्प्रिंगची तार १.६ मिलिमीटरची होती. गंजाने व्यासातून केवळ पाच शतांश मिलिमीटर खाल्ले असतील, तरी ताठरपणा १२ टक्क्यांनी उतरतो. उरलेली घट उष्णतेने केली.

मग पोलाद निवडावयाचे कशासाठी? बळासाठी, थकवा सोसण्यासाठी, उष्णतेसाठी आणि गंजासाठी. येथे मात्र तारांच्या जातीजातींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आमच्या धंद्यातील सर्वांत सामान्य तार म्हणजे थंड अवस्थेत ओढलेली कार्बन पोलादाची तार. जाड सळी क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून, म्हणजे डायमधून, ओढत नेली की ती बारीक होते आणि प्रत्येक खेपेस अधिक कणखर होते. परंतु नुसते ओढत राहिले तर ती ठिसूळ होऊन तुटते. यावरचा उपाय बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल याने शोधला आणि १८५४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तार लालभडक तापवावयाची आणि वितळलेल्या शिशाच्या पाचशे-साडेपाचशे अंशांच्या कुंडातून न्यावयाची. त्यामुळे पोलादाच्या पोटात लोह आणि लोहकार्बाइड यांचे अतिशय पातळ पापुद्रे एकाआड एक बसतात. असे पोलाद पुष्कळ ओढले तरी तुटत नाही. त्या क्रियेला कारखान्यात आजही 'पेटंटिंग' असेच म्हणतात. पेटंटची मुदत केव्हाच सरली, नाव तेवढे चिकटून राहिले.

अशा तारांमधील अव्वल जात ती पियानो वायर. नावाप्रमाणे ती प्रथम वाद्यांसाठी नावारूपाला आली. एक मिलिमीटर जाडीच्या पियानो वायरचे ताणबळ सुमारे २२०० मेगापास्कल भरते. इमारतीच्या साध्या लोखंडाच्या पाचपट तरी. आणि येथे एक नवल आहे. तार जितकी बारीक, तितके प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे तिचे बळ अधिक. चार मिलिमीटरच्या तारेत हाच आकडा १८०० पर्यंत घसरतो, कारण जाड तार ओढली गेलेली असते कमी. म्हणून 'या पोलादाचे बळ किती' हा प्रश्न जाडी सांगितल्याशिवाय अपुरा आहे. वजन सांगितल्याशिवाय बाळाच्या औषधाची मात्रा विचारावी तसा.

भारतीय मानक आय.एस. ४४५४ च्या पहिल्या भागात या तारांची प्रतवारी दोन अक्षरांनी केली आहे. एस.एल., एस.एम., एस.एच., डी.एम., डी.एच. पहिले अक्षर स्प्रिंगचे जीवनमान सांगते: 'एस' म्हणजे बहुधा स्थिर राहणारी, 'डी' म्हणजे सतत हलणारी. दुसरे अक्षर ताणबळ कमी, मध्यम की अधिक ते सांगते. बिले पाहताना ही दोन अक्षरे वाचावीत. किमतीतील फरक नजरेत भरतो म्हणून 'डी' च्या जागी 'एस' देण्याचा मोह विक्रेत्याला होतो, आणि नव्या स्प्रिंगकडे पाहून तो कोणालाच ओळखता येत नाही.

हा भेद का करावा लागतो? दवाखान्याच्या दाराला लावलेली स्प्रिंग दिवसात दोनशे वेळा हलत असेल. मोटारीच्या इंजिनातील झडपेची स्प्रिंग, इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असता, मिनिटाला १५०० वेळा दबते; म्हणजे सुमारे एकशे अकरा तासांत एक कोटी वेळा. इतक्या आवर्तनांत पोलाद थकते. थकव्याची चीर बहुधा पृष्ठभागावरील एखाद्या ओरखड्यापासून किंवा पोलादातच राहून गेलेल्या मळीच्या कणापासून सुरू होते, आणि तीही वेढ्याच्या आतल्या बाजूस, कारण ताण तेथे सर्वाधिक असतो. मोडलेली स्प्रिंग आणाल तेव्हा मी प्रथम तिची आतली कड भिंगातून पाहतो ती याचसाठी. वरचेवर दबणाऱ्या स्प्रिंगांवर बारीक पोलादी छर्ऱ्यांचा मारा करतात. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा आवळलेला राहतो आणि चिरेला तोंड उघडणे कठीण जाते. हृदयाशी तुलना केली तर आमची यंत्रे फिकी पडतात. मिनिटास ७२ ठोक्यांच्या हिशेबाने पेसमेकरची तार वर्षाला पावणेचार कोटींहून अधिक वेळा वाकते, तीही खाऱ्या पाण्यासारख्या रक्तात राहून. तेथे पोलाद नव्हे, तर निकेल, कोबाल्ट, क्रोमियम व मॉलिब्डेनम यांचा मिश्रधातू बारीक वेढ्यांच्या रूपात वापरतात.

जाड स्प्रिंगांसाठी तेलात बुडवून पाणी दिलेली आणि मग मंद आंचेवर ताव उतरवलेली तार येते. तिला आम्ही ऑइल टेम्पर्ड म्हणतो. तिच्यात क्रोमियम आणि व्हॅनेडियम, किंवा क्रोमियम आणि सिलिकॉन घातले की ती उष्णता व धक्के अधिक सोसते. येथे आमच्या चुकीचा धागा पुन्हा पकडू. पोलाद तापले की वितळण्याच्या कितीतरी आधीच, दबलेल्या अवस्थेत ते हळूहळू सैलावते. मोडत काहीच नाही. फक्त स्प्रिंग आपला जोर विसरते. पियानो वायरची ही मर्यादा सुमारे १२० अंश, ऑइल टेम्पर्डची १८०, क्रोम-व्हॅनेडियमची २२०, क्रोम-सिलिकॉनची २४५ आणि ३०२ जातीच्या स्टेनलेसची २६० च्या आसपास मानतात. मी १२० अंशांची तार १२१ अंशांच्या वाफेत, दिवसातून दोनदा, घट्ट दाबून बसविली होती. एक अंशाचा प्रश्न नव्हता. ज्या सीमेवर बेताने वागावयाचे तेथे मी तिला मुक्कामालाच पाठविले होते. आजच्या १३४ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये तर ती इतकेही टिकली नसती.

स्टेनलेसविषयी विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण दवाखान्यातील बहुतेक स्प्रिंगा त्याच्याच हव्यात. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये क्रोमियमयुक्त न गंजणारे पोलाद ओतले. पोलादात साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले, की त्याच्यावर ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा धरतो आणि ओरखडा पडला तरी हवेत आपोआप भरून येतो, जखमेवर खपली धरावी तसा. स्प्रिंगसाठीच्या ३०२ जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ ते १० टक्के निकेल असते. एक मिलिमीटर तारेचे ताणबळ १८५० च्या आसपास. पियानो वायरहून कमी, पण झडपेला पुरेसे. याहून अधिक बळ आणि उष्णता सोसावयाची असेल तर अल्युमिनियम घातलेली १७-७ पी.एच. ही जात आहे. ती वळविल्यावर भट्टीत ठेवून कणखर करतात. खारट वातावरणासाठी मॉलिब्डेनम असलेली ३१६ जात बरी, मात्र तिचे बळ कमी. नेत्रतज्ज्ञ वापरतात तो बॅराकेर पद्धतीचा तारेचा स्पेक्युलम हाती घेऊन पाहा. एकाच तारेला दिलेला बाक, त्यात सांधा नाही, स्क्रू नाही. स्टेनलेस तारेच्या स्प्रिंगपणाचा इतका साधा आणि सुंदर उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

स्टेनलेसचे दोन शत्रू मात्र आपल्याच घरात आहेत. पहिला, ब्लीचिंगचे पाणी. हायपोक्लोराइटमधील क्लोराइड तो पापुद्रा ठिकठिकाणी भेदून टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडते. सपाट ट्रेला त्याने फारसे बिघडत नाही. पण सतत ताणाखाली असलेल्या स्प्रिंगमध्ये खड्डा म्हणजे चिरेची सुरुवात. अवजारे रात्रभर त्या पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय असलेल्या ठिकाणांहून माझ्याकडे मोडक्या स्प्रिंगा सर्वाधिक येतात. दुसरा शत्रू आम्ही स्वतः. साध्या पोलादाच्या हत्यारांवर स्टेनलेस वळविली की लोखंडाचे कण तिच्या अंगात रुततात आणि ते गंजले की ग्राहक म्हणतो, तार खोटी. चांगला कारागीर वळविलेली स्प्रिंग नायट्रिक आम्लातून काढून ते कण धुऊन टाकतो.

तार खरी की खोटी हे पाहण्यासाठी चुंबक लावण्याची पद्धत बाजारात रूढ आहे. चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नव्हे, असे छातीठोकपणे सांगतात. पत्र्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी चालते, स्प्रिंगच्या तारेच्या बाबतीत चालत नाही. ३०२ जातीचे पोलाद मुळात चुंबकाला दाद देत नाही. परंतु डायमधून ओढताना त्याच्या स्फटिकांचा काही भाग रचना बदलतो आणि तो चुंबकीय असतो. तार जितकी अधिक ओढलेली, तितका चुंबक जोरात चिकटतो. अस्सल तार परत करणारे ग्राहक मी पाहिले आहेत. याची गंभीर बाजू एम.आर.आय.च्या खोलीत आहे. 'स्टेनलेस आहे, चालेल' एवढ्या भरवशावर स्प्रिंग असलेले उपकरण तेथे नेऊ नये.

गंजाला भिऊन साध्या तारेच्या स्प्रिंगला जस्ताचा मुलामा द्यावा, असेही सुचविले जाते. मुलाम्याच्या आम्लातून व विजेच्या क्रियेतून निघालेला हायड्रोजन कणखर पोलादात शिरतो. स्प्रिंग दिसावयास लखलखीत, तपासणीत उत्तम. आणि दाबून ठेवली की काही तासांनी किंवा दोन दिवसांनी कोणी हात न लावता मोडते. एकदा माझ्या गोदामात रात्री असा आवाज आला, तेव्हा राखणदाराला चोर शिरल्याचा भास झाला होता. मुलामा दिल्यानंतर लगेच, चार तासांच्या आत, १९० ते २२० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवली तर हा वायू बहुतांशी निघून जातो. भट्टी नसलेल्या मुलामेवाल्याकडे स्प्रिंग देऊ नये.

ऑर्थोडॉन्टिस्ट सभासदांसाठी एक वाक्य. आपण तोंडात बसविता त्या निकेल-टायटॅनियमच्या तारा पोलादाच्या या सर्व हिशेबाबाहेरच्या आहेत. त्यांत जोर अंतराबरोबर वाढत जाण्याऐवजी बराच काळ जवळजवळ स्थिर राहतो, आणि हूकला त्या दाखविल्या असत्या तर त्याला आपले कोडे पुन्हा रचावे लागले असते.

त्या झडपेचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. दुसऱ्याच दिवशी मी हुबळीहून ३०२ ची १.६ मिलिमीटर तार आणविली आणि मूळच्या स्प्रिंगप्रमाणे सात कार्यरत वेढ्यांची स्प्रिंग केली. माझ्या पियानो वायरचेही वेढे सातच होते. तिचा ताठरपणा त्यामुळे मूळच्यापेक्षा चौदा-पंधरा टक्के अधिक झाला होता. त्या तारेत मूळचा ताठरपणा आणावयाचा तर आठ वेढे हवे होते. म्हणजे तंतोतंत नक्कल हीच मुळात चूक होती. नव्या स्प्रिंगचा वळविताना राहिलेला ताण साडेतीनशे अंशांवर अर्धा तास ठेवून उतरविला. मग तिला दाबून, १३० अंशांच्या तेलात रात्रभर ठेवले आणि सकाळी लांबी मोजली. जे सैलावणे व्हावयाचे ते माझ्याकडे व्हावे, सिस्टरांकडे नव्हे. झडप बसविल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी रोज काट्याचा आकडा वहीत लिहून ठेवला.

तेव्हापासून मी ग्राहकाला चार प्रश्न विचारतो: किती तापते, किती वेळा हलते, कशाने धुता, आणि चुंबकाजवळ जाते काय. मोडलेल्या स्प्रिंगचे दोन्ही तुकडे आणावेत, एक नव्हे. आणि ते एकमेकांवर घासून जुळवून पाहू नयेत, कारण ती कधी व कशी मोडली हे मोडलेल्या तोंडावरच लिहिलेले असते आणि घासले की ते पुसते. कोरड्या कागदात गुंडाळून पाठविले तरी पुरे.